ऑफ-रोड कॅम्पिंग ट्रेलर: ११ वर्षांच्या वापरातून शिकलेलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं आहेत, रोज तंबू उभारून-मोडून कंटाळा आलाय, आणि कच्च्या रस्त्यांवर नेता येईल असा कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचा विचार चालला आहे. ज्यांनी तो बरीच वर्षं वापरला त्यांना काय शिकायला मिळालं, आणि पुन्हा घ्यायचा झाला तर ते काय वेगळं करतील?

मी ११ वर्षं ट्रेलर ओढतो आहे. पहिला ४ वर्षं वापरून विकला, दुसरा अजून माझ्याकडे आहे. तुमच्या गरजेला ट्रेलर योग्यच आहे, जरूर घ्या. पण एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाडीत काही बिघडलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतं. स्टिअरिंग थरथरतं, आवाज बदलतो, बसल्या जागी हादरा जाणवतो. ट्रेलरमध्ये तुम्ही बसलेले नसता. तो चार-पाच मीटर मागून धुळीत येत असतो आणि त्याचं दुखणं गाडीत बसून कळत नाही.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं. खडीच्या रस्त्यावर डाव्या टायरमधली हवा गेली. तो कधी बसला हे मला आजही सांगता येणार नाही. समोरून येणाऱ्या एका गाडीवाल्यानं दिवे मारून थांबवलं तेव्हा टायरच्या चिंध्या झाल्या होत्या, रिमची कड दगडांवर आपटून वाकली होती आणि मडगार्डच्या आतून जाणारी ब्रेकची वायर तुटून लोंबत होती. साध्या पंक्चरचं एवढं मोठं काम झालं, कारण मी दीड तास एकदाही खाली उतरलो नव्हतो.

तेव्हापासून नियम केला. डांबरी रस्ता सुटला की पहिल्या १०–१५ किलोमीटरवर थांबायचं, आणि नंतर साधारण दर तासाला. उतरून ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारायची, डोळ्यांनी बघत आणि हातानं चाचपत. चाकाच्या मध्यावर, हबवर, हाताची मागची बाजू जपून जवळ न्यायची. कोमट लागला तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर आत बेअरिंग तापतंय किंवा ब्रेक चिकटलाय. दोन्ही बाजूंची तुलना करणं सगळ्यांत उपयोगाचं: एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल तर पुढे जायचं नाही. मग टायर, मग कपलिंग (ट्रेलर गाडीला अडकवणारा जोड), साखळ्या, वायरचा प्लग, जॉकी व्हीलची, म्हणजे दांड्याखालच्या छोट्या टेकूच्या चाकाची, पकड, दारांच्या कड्या. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. आता टायरच्या व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर मिळतात, ते दाब आणि तापमान गाडीत बसून दाखवतात. ते मी लावले आहेत आणि तुम्हीही लावा, पण फेरी बंद करू नका. हलणारा बोल्ट सेन्सरला दिसत नाही.

आता वजन. नवीन माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते आणि माझीही झाली. ट्रेलरच्या पाटीवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि कमाल परवानगी असलेलं वजन. समजा रिकामा ९०० किलो आणि कमाल १४०० किलो. मधले ५०० किलो ऐकायला भरपूर वाटतात. पण 'रिकामा' म्हणजे कारखान्यातून निघाला तसा. त्यात पाणी नाही, गॅस नाही, पुष्कळदा बॅटरी, छत्रीवजा शेड किंवा दुसरी स्टेपनीही धरलेली नसते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. फ्रिज आणि त्याची सरकती ट्रॉली, गॅसचे दोन सिलिंडर, बॅटरी, हत्यारांची पेटी, गाद्या, खुर्च्या, टेबल, भांडी, चौघांचे कपडे, आठवड्याचं किराणा सामान. प्रत्येक वस्तू एकेकटी हलकीच असते. पहिल्यांदा ट्रेलर वजनकाट्यावर चढवला तेव्हा मी मर्यादेच्या १३० किलो वर होतो, आणि तोवर दोन मोठे प्रवास तसेच करून झाले होते.

म्हणून घेतल्यावर पहिल्या महिन्यातच, प्रवासाला निघताना भरता तसा भरून, वजनकाट्यावर न्या. गाडीसकट एकदा, नुसता ट्रेलर एकदा, आणि ट्रेलर जोडलेला असताना फक्त गाडीची चाकं काट्यावर ठेवून एकदा. या तिसऱ्या वजनाचा बहुतेकांना विसर पडतो. ट्रेलरचा पुढचा दांडा जेवढा भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर अडकवायच्या जोडावर, टाकतो, तेवढा गाडीच्या सामानाच्या मर्यादेतून वजा होतो. चार माणसं, डिकीतलं सामान, छतावरचं कॅरिअर आणि वर हिचवरचे १२० किलो एवढं झालं की चांगली दणकट गाडीसुद्धा मागच्या चाकांवर बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि उतारावर स्टिअरिंग नीट ऐकत नाही.

हिचवर किती भार हवा? अशा ट्रेलरला मी एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. गाडीच्या टो-बारवर (हिच जिच्यावर बसते त्या मागच्या दांडीवर) कमाल भाराचा आकडा कोरलेला असतो, तोही ओलांडायचा नाही. दोन्ही अटी एकत्र पाळता येत नसतील तर सामान कमी करायचं किंवा त्या गाडीला तो ट्रेलर जड आहे असं समजायचं. हा भार घरी मोजता येतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना उटी लावून ठेवा, कपलिंगखाली हिचच्याच उंचीचा लाकडी ठोकळा उभा करा, त्याखाली माणसांचा वजनकाटा ठेवा आणि जॉकी व्हील उचलून भार हळूहळू काट्यावर येऊ द्या. काट्याची क्षमता आधी बघून घ्या.

हा भार कमी पडला तर काय होतं ते मी अनुभवलं आहे. एका प्रवासात चार सायकली ट्रेलरच्या मागच्या बाजूला टांगल्या होत्या. मागचं ओझं वाढलं की पुढचा दांडा हलका होतो, हे ठाऊक असूनही मोजायचं राहून गेलं. लांब उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला, त्याच्या हवेच्या झोतानं ट्रेलर थोडा बाजूला झाला आणि शेपटी हलवल्यासारखा डोलायला लागला. दर हेलकाव्याला गाडीची मागची बाजूही त्याच्याबरोबर ओढली जात होती. अशा वेळी हात-पाय चुकीचंच करायला जातात: ब्रेक दाबावासा वाटतो आणि स्टिअरिंग उलट फिरवावंसं वाटतं. दोन्ही टाळायचं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या ब्रेक-कंट्रोलरवरच्या हाताच्या बटणानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे खेचला गेला की साखळी ताणल्यासारखी सगळी रांग सरळ होते. आम्ही वाचलो. मुलं मागे बसली होती. त्या रात्री सायकली काढून गाडीच्या छतावर बांधल्या.

पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. ती चाकांच्या पुढे असेल तर भरलेली असताना दांड्यावरचा भार वाढतो आणि पाणी संपत जाईल तसा कमी होतो. मागे असेल तर नेमकं उलट. म्हणून मोजमाप दोनदा करा, टाकी भरून आणि टाकी रिकामी करून. सर्वांत चांगली जागा चाकांच्या जवळ, जमिनीलगत. माझ्या दुसऱ्या ट्रेलरमध्ये तशी आहे आणि फरक लगेच जाणवला.

टायरबद्दल. ट्रेलरची चाकं गाडीसारखीच घ्या: तोच आकार, तेच बोल्टचं अंतर, तोच टायर. मग दोन स्टेपन्या दोघांनाही चालतात. शिवाय चाकोरीची रुंदी जुळली तर वाळूत आणि चिखलात ट्रेलर गाडीनं दाबलेल्या वाटेवरून येतो, स्वतःची नवी वाट कापत नाही. ओढायला लागणाऱ्या ताकदीत याचा फार फरक पडतो.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वर्षातले बरेच महिने ते एकाच जागी उन्हात, एकाच बाजूवर उभे असतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या भिंतीत बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मी ६ वर्षांनंतर टायर बदलतो, नक्षी कितीही शिल्लक असो.

हवेचा दाब ही कच्च्या रस्त्यावरची सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर पूर्ण दाबाचा टायर दगडासारखा कडक असतो, आणि तो प्रत्येक हादरा सांगाड्यापर्यंत, कपाटापर्यंत, फ्रिजपर्यंत पोचवतो. डांबरावर ४० पीएसआय ठेवत असाल तर खडीवर मी २८ च्या आसपास आणतो, मऊ वाळूत १८–२०. तुमच्या टायरला आणि वजनाला आकडे थोडे वेगळे लागतील. दाब कमी केला की वेगही कमी करायचा. मऊ टायर जोरात पळवला तर भिंती तापून फाटतात. आणि परत डांबरावर आल्यावर हवा भरायचीच, त्यासाठी चांगला कॉम्प्रेसर सोबत हवा. आम्ही कित्येक वर्षं फक्त गाडीच्या टायरची हवा कमी करत होतो, ट्रेलरची तशीच ठेवत होतो. कपाटांचे स्क्रू दर प्रवासात का गळतात याचं उत्तर तिथे होतं.

आता बेअरिंग. एकच गोष्ट स्वतःच्या हातानं शिकायची असेल तर ही शिका.

ट्रेलरच्या प्रत्येक चाकात साधारणपणे दोन निमुळती रोलर बेअरिंग असतात, आत ग्रीस आणि मागच्या बाजूला रबरी सील. तासाभराच्या प्रवासानंतर हब गरम असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशा वेळी तुम्ही थेट ओढ्यात उतरलात की हब एकदम थंड होतो, हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत शोषलं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी मिसळलेलं ग्रीस दुधासारखं पांढुरकं होतं, त्याची पकड जाते, काही आठवड्यांत रोलरवर गंजाचे ठिपके येतात आणि पुढच्या लांब प्रवासात बेअरिंग जळतं. लोक म्हणतात, अचानक गेलं. ते दोन महिन्यांपूर्वीच्या ओढ्यात गेलेलं असतं.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी मी थांबतो. खोली बघायला पायी जावंच लागतं, तेवढ्यात १५–२० मिनिटं हब निवू देतो. आणि हबच्या वरपर्यंत पाणी चढलं असेल तर घरी आल्यावर, घाई असली तरी, दोन्ही चाकं उघडतो. पाण्यात गेलो नाही तरी वर्षातून एकदा उघडतोच. काम अवघड नाही. चाक उचलून खाली भक्कम घोडी लावा, हब काढा, जुनं ग्रीस पूर्ण धुवा, बेअरिंग कोरडं करून उजेडात फिरवून बघा. निळसर डाग, खड्डे, ओरखडे दिसले तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची कडी दोन्ही बदला, एकटं बेअरिंग बदलून भागत नाही. नवं ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद कडेतून दाबत राहा, दुसऱ्या कडेनं ते बाहेर येईपर्यंत. सील दर वेळी नवं. मग हब बसवून, चाक हातानं फिरवत खाचांचा नट थोडा कडक होईपर्यंत आवळायचा, म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग सैल सोडायचा, पुन्हा नुसत्या बोटांनी आवळायचा आणि जवळची खाच जुळवून नवी कॉटर पिन टाकायची. चाक वर-खाली धरून हलवलं तर नावापुरती हालचाल चालेल, खडखड नको. फार घट्ट आवळलेलं बेअरिंग सैलापेक्षा लवकर जळतं. आणि सोबत एक तयार संच ठेवा: आतलं, बाहेरचं बेअरिंग, सील, पिन, ग्रीस, मोठा पाना. माझा संच दोनदा उपयोगी पडला आणि दोन्ही वेळा तो दुसऱ्याच्या ट्रेलरला लागला.

चाक परत बसवल्यावर ५०–१०० किलोमीटरनं नट पुन्हा टॉर्क पान्यानं (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचे. हे विसरून चाक निखळल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

हादऱ्यांनी सगळंच ढिलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट, शॉक अब्सॉर्बरचे बोल्ट, मडगार्ड, जेरीकॅनची चौकट, सौर पॅनेलचे कोपरे. मी महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टवर नट आणि सांगाडा दोन्हीला छेदून जाणारी रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना न लावता, टॉर्च घेऊन दोन मिनिटांत सगळं बघून होतं. जोडांवर गंजाची केसाएवढी बारीक रेघ दिसली तर ती नखानं खरवडून बघा. ती वेल्डिंगची तडा असू शकते, विशेषतः दांडा जिथे मुख्य सांगाड्याला मिळतो तिथे. रंग आधी फुटतो, मग आत ओल जाते आणि गंज तडा दाखवून देतो.

पाण्याचा पंप प्रवासात बंदच ठेवा. पाइपाचा एक जोड हादऱ्यानं निसटला, पंपाला वाटलं कुणीतरी नळ उघडलाय, आणि त्यानं इमानानं सगळी टाकी आमच्या गाद्यांवर रिकामी केली. तेव्हापासून पंपाचा स्विच दाराशेजारी, हाताला येईल असा घेतला आहे. शिवाय २० लिटरचं एक वेगळं कॅन गाडीत ठेवतो. टाकी फुटली, पाइप तुटला तरी प्यायला पाणी राहतं.

विजेबाबत लोक बॅटरी आणि सौर पॅनेल किती मोठं घ्यावं यावर खूप विचार करतात आणि तारांवर अजिबात करत नाहीत. १२ व्होल्टमध्ये तार हाच खरा प्रश्न आहे. गाडीच्या इंजिनपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत ६ मीटर अंतर धरा, जाऊन-येऊन १२ मीटर तांब्याची तार. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेतून २५ अँपिअर जात असताना जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत तेच नुकसान साधारण ०.३ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वर हवेत, मग ०.९ म्हणजे काय ते लक्षात येईल. पहिल्या ट्रेलरमध्ये दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी कधी पूर्ण भरत नसे. मी दोन बॅटऱ्या बदलल्या. दोष त्यांच्यात नव्हताच. आता जाड तार, दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज आणि ट्रेलरमध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) आहे. बऱ्याच नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे) इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे हा चार्जर लागतोच.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. लिथियममधून बहुतेक सगळी वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. थंडीत राहणार असाल तर ते बंद करणारी सोय तिच्यात आहे ना, हे विचारून घ्या. कॉम्प्रेसरचा ४० लिटरचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४५ अँपिअर-तास खातो. बाकीचे दिवे, पंप, फोन यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज मात्र या कामाला घेऊ नका. त्याला ट्रेलर जवळपास सपाट लागतो आणि कच्च्या रस्त्याकडेला सपाट जागा मिळणं अवघड. सौर पॅनेल छतावर ठोकण्यापेक्षा सुटं, लांब तारेचं बरं: ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात.

धूळ. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडीनं उडवलेली सगळी धूळ त्या पोकळीत वळून फटींतून आत शिरते. फटी शोधायची सोपी रीत म्हणजे रात्री आत झगझगीत दिवा लावून बाहेरून फिरणं. जिथून किरण दिसेल तिथून धूळ येणार. तळातून जाणाऱ्या वायरी आणि पाइपांची भोकं बहुतेक जण विसरतात, दारांची सील बदलत बसतात. ती भोकं बुजवली आणि छतावर पुढे तोंड करून हवा आत घेणारी, गाळणी लावलेली खिडकी बसवली, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ बाहेरच थांबते.

कॅनव्हासचा भाग असेल तर नवा असताना तो उभारून पूर्ण भिजवा आणि पूर्ण वाळवा, एक-दोनदा. सुती धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. पहिल्या पावसात शिवणीतून पाणी आलं म्हणून कापड वाईट, असं ठरवू नका. आणि पावसात आवरून निघावं लागलं तर घरी पोचल्या दिवशीच उघडून वाळत घाला. दोन-तीन दिवस ओला गुंडाळून राहिला तर बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते पुन्हा पूर्णपणे जात नाहीत.

गॅस सिलिंडरचा कप्पा खोलीपासून वेगळा, आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. ते भोक चिखलानं बुजलेलं नाही ना, हे बघत जा. थंड प्रदेशात जाणार असाल तर प्रोपेन घ्या. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूपात यायचंच थांबतं आणि शेगडी पेटत नाही. झोपायच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि बाहेर कितीही गारठा असला तरी आत शेगडी पेटवून ऊब करायची नाही. मुलं सोबत आहेत, म्हणून हे मी विनवून सांगतो.

हिच साधी गोल बॉलची नको. खड्ड्यात गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलतो तेव्हा बॉलवरचं कपलिंग ठराविक कोनापलीकडे फिरत नाही, मग ते तरी तुटतं किंवा निसटतं. तिन्ही दिशांना फिरणारं ऑफ-रोड कपलिंग घ्या. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलिंग निसटलंच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटला तर स्वतःहून ब्रेक लावणारी पिन असते, तिची तार साखळीला न बांधता गाडीच्या पक्क्या भागाला बांधा. रोज सकाळी निघताना माणसाच्या चालीच्या वेगानं जाऊन फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून बघा. अख्खी गाडी थांबायला हवी.

रुतलात, तर टो-बॉलला दोर अडकवून कधीही ओढू नका. बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्यानं माणसं मेली आहेत. मजबुतीचा आकडा कोरलेले शॅकल (दोर अडकवायच्या पोलादी कड्या) आणि पक्के ओढायचे हूक वापरा, बघ्यांना लांब उभं करा. बहुतेक वेळा मात्र टायरची हवा आणखी कमी करून, ट्रेलर सोडून, आधी गाडी बाहेर काढणं आणि मग लांब पट्ट्यानं ट्रेलर ओढणं हेच सोपं पडतं.

मागे घ्यायला शिकायला एक रविवार मोकळ्या मैदानात घालवा. हात स्टिअरिंगच्या सर्वांत खालच्या टोकाला ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला हलवा. सावकाश, थोडं-थोडं. दांडा फार वळला तर सुधारत बसू नका, पुढे जाऊन सरळ करा. दुसऱ्या मोठ्या माणसानंही हे शिकावं, आणि दोघांनी आधी खुणा ठरवाव्यात. अरुंद वाटेत शिरण्याआधी उतरून पायी पुढे जाऊन वळायला जागा आहे का ते बघून या.

शेवटी, नवा की वापरलेला? चौघांचं कुटुंब आहे, म्हणून आधी तीन-चार दिवसांसाठी एखादा भाड्यानं घ्या आणि त्या वेळी पाऊस असेल तर उत्तमच. आत चौघं बसून एक संध्याकाळ काढलीत की लांबी-रुंदीचे सगळे हट्ट आपोआप ठरतील. त्यानंतर मी तरी वापरलेलाच घेईन, दोन-तीन वर्षं जुना, कारण पहिल्या मालकानं किरकोळ दोष काढलेले असतात आणि सांगाड्यातले मोठे दोष तोवर उघडे पडलेले असतात. बघायला जाताना जुने कपडे घालून जा. आतली गादी, दिवे, स्वयंपाकाचा ओटा नंतर बघा. आधी टॉर्च घेऊन खाली झोपा: दांड्याचे जोड, यू-बोल्ट, शॉक अब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ, टाकीखालच्या पत्र्यावरचे दगडांचे वार, टायरची तारीख. चाक जॅकवर उचलून फिरवा आणि कान जवळ नेऊन ऐका, करकर आली तर ग्रीस किती महिन्यांपूर्वी भरलं ते मालकाला विचारा. तो नेमका महिना सांगू शकला आणि बेअरिंगचं जादा संच खणातून काढून दाखवू शकला, तर मग आत जाऊन गादी बघायला हरकत नाही.